गॅलरीतली लायब्ररी

आमच्या घरी कॉम्प्युटर कसा आला ही गोष्ट आमच्या नात्यात अजून कौतुकाने सांगितली जाते. लग्नकार्यात पंगतीत मठ्ठा फिरायला लागला की माझा आतेभाऊ सुरू करतोच, "नानामामांची दूरदृष्टी बघा. अख्ख्या कॉलनीत कुणाकडे नव्हता तेव्हा त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. तोही कुणासाठी? मुलीसाठी!" मग सगळे माझ्याकडे बघतात. मी हसावं, मान डोलवावी, जमलं तर डोळे ओले करावेत अशी अपेक्षा असते. पूर्वी मी हसायचे. आता पन्नाशी उलटल्यावर हसत नाही, पान अर्धवट टाकून हात धुवायला उठते. ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्या आईची आहे. ती त्याच पंगतीत दोन पानं सोडून बसलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ती अर्धी मी इथे लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग निवल्यावर लिही, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. तीसहून जास्त वर्षं वाट पाहिली. निवला नाही.

आम्ही एकलहऱ्याला राहायचो, वीज केंद्राच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला एक लांबट गॅलरी. नाना म्हणजे माझे वडील मेंटेनन्सला होते. दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करून त्यांचं मन भरायचं नाही. घरी येऊन ते घर दुरुस्त करायचे, मोडलेलं काही नसलं तरी. आमच्याकडे विकत आणलेल्या वस्तू कमीच. चपलांचं कपाट नानांनी केलेलं, भिंतीला मिटवून ठेवायचं इस्त्रीचं टेबल नानांनी केलेलं, टाकी भरली की ओरडणारी घंटी नानांची. दारावरची बेल दाबली की एक पक्षी ओरडायचा आणि तो नक्की कोणता यावरून जिन्यात मतभेद होते. रविवारी सकाळी इतरांच्या घरात रेडिओ लागायचा, आमच्यात करवत. पोह्यांवर भुसा पडू नये म्हणून आई एका ताटलीवर दुसरी उपडी घालून आणायची. नानांचा हात फार सुंदर चालायचा, हे मला कबूल केलं पाहिजे. रंधा मारून झाला की ते फळीवरून डोळे मिटून तळवा फिरवायचे, कुठे कुसळ राहिलंय का ते बघायला. इतक्या हळुवारपणे त्यांनी माणसाला हात लावलेला मी पाहिला नाही.

आई देवळ्याची. माहेरी कांद्याची शेती, घरात आठ-दहा माणसं आणि पुस्तक म्हणाल तर पंचांग. किराणा बांधून आलेले कागद वाचता वाचता आपल्याला वाचायचा नाद लागला, असं ती सांगते. लग्न होऊन कॉलनीत आल्यावर ती महिन्यातून एकदा बसने नाशिकरोड आणि तिथून दुसऱ्या बसने शहरातलं शालिमार गाठायची आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवरून दोन-चार पुस्तकं आणायची. येताना पिशवीत खाली पुस्तकं आणि वर मेथीची जुडी. मेथी दिसली की नाना काही विचारायचे नाहीत. स्वतःचं वाचून झालं की ती तळमजल्यावरच्या बोरसे काकूंना द्यायची, त्या त्यांच्या जावेला द्यायच्या, आणि असं करता करता गॅलरीत लायब्ररी उभी राहिली. मांडणी नानांनीच करून दिली होती, मशिनरीच्या खोक्यांच्या देवदाराची, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा त्यांना त्याचं कौतुक वाटलं असणार. सहाशेच्या वर पुस्तकं होती. रहस्यकथा, कौटुंबिक कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, आणि दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. प्रत्येकाला खाकी कव्हर, कण्यावर लाल शाईत नंबर.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला बायका यायच्या. पैसे घ्यायचे नाहीत हा आईचा नियम. फी एवढीच, की नवीन पुस्तक नेण्याआधी जुन्याबद्दल दोन वाक्यं बोलायची. "चांगलं होतं" चालायचं नाही. "चांगलं काय होतं ते सांग," आई म्हणायची. ज्यांना घरात भाजी कोणती करू एवढंच बोलायची सवय, त्या बायका आधी लाजायच्या, पदराशी चाळा करायच्या आणि मग एकदम सुटायच्या. "तिने त्याला सोडायलाच पाहिजे होतं, ताई. लेखकाला कळत नाही, पण मी सांगते ना." मी शाळेतून यायचे तेव्हा हा गोंधळ जिन्यापर्यंत ऐकू यायचा. आईने भाजलेल्या शेंगदाण्यांचं ताट मधे ठेवलेलं असायचं, टरफलं गॅलरीभर. पाच वाजले की सगळ्या उठायच्या, कारण पहिल्या पाळीचे नवरे घरी येऊन जरा टेकलेले असायचे आणि आता त्यांना खायला लागायचं. आई टरफलं झाडायची, पीठ मळायला घ्यायची, आणि तिचा चेहरा रोजच्यासारखा व्हायचा. तो बदल मला तेव्हा दिसायचा, पण त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नाही.

मी अकरावीत गेले त्या वर्षी नानांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसला. त्या संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवभाजी होती, त्यांच्या आवडीची, तरी भाकरीचा तुकडा हातातच.

"नीलू, पुढची सगळी दुनिया याच्यावर चालणार आहे," ते म्हणाले. "लोक पोरींना लग्नासाठी शिकवतात. माझी पोरगी मागे राहणार नाही. आपण घरी घ्यायचा."

"घरी?" आई म्हणाली. "केवढा असतो तो?"

"केवढा का असेना. त्याला स्वतंत्र खोली लागते. धूळ अजिबात चालत नाही."

धुळीचं खरं होतं. वारा फिरला की आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी केंद्राच्या राखेची बारीक पूड बसायची. वाळत घातलेले पांढरे कपडे आई दोनदा झटकायची. नाना उठले, हात न धुताच गॅलरीत गेले आणि तिथून ओरडले, "ही बंद करू. काचा लावू, आतून प्लायवूड, वर फॉल्स सीलिंग. फर्स्ट क्लास खोली होईल."

आई दारात जाऊन उभी राहिली. "अहो, मग पुस्तकं?"

"माळ्यावर. कागदाला काय, कुठेही राहतो."

"आणि बायका यायच्या त्या?"

 नाना माझ्याकडे वळले. "नीलू, तू सांग. तुला अभ्यासाला खोली पाहिजे की नको?"

आई माझ्याकडे बघत होती. तिने डोळ्यांनी काही सुचवलं नाही, नुसती बघत होती. मी म्हणाले, "पाहिजे."

एवढंच बोलले. सतरा वर्षांच्या मुलीला खोली पाहिजे असण्यात पाप नाही, असं माझा नवरा म्हणतो. बरोबर आहे. पण नानांनी तो प्रश्न मला का विचारला हे मला त्याही वेळी कळलं होतं, आणि मी त्यांना हवं तेच उत्तर दिलं.

गॅलरीचं काम दीड महिना चाललं. मांडणी मोडली आणि तिच्या फळ्यांचं कॉम्प्युटरचं टेबल झालं, खाली पुढे-मागे सरकणारा कप्पा असलेलं. पुस्तकं अकरा खोक्यांत भरली गेली. आईने प्रत्येक खोक्यावर आतल्या पुस्तकांचे नंबर लिहिले आणि नानांनी खोकी स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर चढवली. सुरुवातीला बायका आल्या की आई म्हणायची, "अहो, तेवढं तिसरं खोकं काढून देता का?" आणि नाना म्हणायचे, "रविवारी." रविवारी ते गॅलरीत असायचे. मग आई स्वतःच स्टुलावर चढून पुढच्या दोन खोक्यांतून हाताला लागेल ते काढायची. जिला प्रवासवर्णन हवं असायचं तिला रहस्यकथा मिळायची. तरी त्या यायच्या, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसायच्या, हळू बोलायच्या. आत नानांचं बारीक काम चालू असायचं ना.

आणि कॉम्प्युटर आला. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत जायचं, पडदा सरकवायचा नाही. त्यावर आईकडून शिवून घेतलेलं निळं कव्हर. मी खोटं लिहिणार नाही, मला ती खोली फार आवडायची. बटण दाबल्यावर येणारी घरघर, काळ्या पडद्यावर लुकलुकणारी रेघ, आणि शेजारच्या स्टुलावर नाना, मांडीवर जाडजूड मॅन्युअल घेऊन. एखादी आज्ञा चुकली की ते रागवायचे नाहीत, "परत बघू" म्हणायचे. मला आठवतं तसं, त्यांनी मला सलग तासभर दिलेला वेळ म्हणजे फक्त ते दिवस. एकदा आई पडद्याआडून आत आली, हात पदराला पुसत. जरा वेळ मागे उभी राहिली आणि म्हणाली, "नीलू, यात आपल्या पुस्तकांची यादी करता येईल का गं? कुठल्या खोक्यात काय आहे ते?"

नाना हसले. "तुझ्या त्या रडक्या कादंबऱ्यांची यादी करायला आणलाय का हा?"

मीही हसले. जोरात नाही, त्यांच्यामागोमाग, जरासं. आई गेली आणि पडदा नीट ओढून गेली. पुढे मी आयुष्यभर याद्याच केल्या. कारखान्यांच्या गोदामांतल्या मालाच्या याद्या ठेवणाऱ्या प्रणाल्या लिहिण्यावर माझं पोट चाललं. म्हणजे आईने त्या दिवशी विचारलेला प्रश्न त्या खोलीत विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न होता, आणि आम्ही दोघं हसलो होतो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी देवळ्याची आजी घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आई दहा दिवसांसाठी माहेरी गेली. मधल्या रविवारी नानांनी मला हाक मारली, "नीलू, स्टूल धर." माळ्याची दारं उघडी होती. खाली अंगणात रद्दीवाल्याची हातगाडी उभी असलेली मला खिडकीतून दिसली.

"नाना, काय काढताय?"

"हे सगळं. जागा पाहिजे. मॉनिटरचं खोकं, प्रिंटरचं खोकं, सगळी बाहेर पडलीत. ती टाकता येत नाहीत, वॉरंटी असते. थर्माकोलसकट ठेवायला लागतात."

"आईला विचारलं का?"

"तिला काय विचारायचं? वाळवी लागली तर अख्ख्या माळ्याला लागेल. आणि वाचून झालेलीच आहेत ना सगळी?"

वाचून झालेलीच आहेत. हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा मनात उलटंपालटं केलं असेल! ज्या माणसाने दर रविवारी तीच हत्यारं पुसून, तेल लावून पुन्हा पेटीत ठेवली, एकेका पान्याची जागा ठरवली, त्याला वाटत होतं की पुस्तक एकदा वाचलं की संपतं. रागाने माझे हात आत्ताही गार पडलेत. पण त्या दिवशी ते गार पडले नाहीत. त्या दिवशी त्या हातांनी स्टूल धरलं, नानांनी वरून दिलेली खोकी घेतली आणि एकेक करून जिन्याने खाली नेली. अकराच्या अकरा.

रद्दीवाला चाळिशीचा, सिन्नरकडचा माणूस होता. त्याने पहिलं खोकं उघडलं, एक पुस्तक काढून कण्यावरचा लाल नंबर पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, याच्यावर नंबर टाकेल हायेत. लायब्ररीचं हाय का? मला लफडं नको."

 नाना मागून उतरत म्हणाले, "घरचंच आहे. घ्या तुम्ही."

"लय जपेल दिसतात," तो म्हणाला. "घरातल्यांना विचारलं ना साहेब?"

त्या अख्ख्या सकाळी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारणारा माणूस परका होता, आणि त्याने तो माझ्यापेक्षा नेटाने विचारला होता. नानांनी हात झटकला. गाडी कॉलनीच्या फाटकाकडे गेली. आम्ही वर आलो, थर्माकोल नीट बसवून खोकी माळ्यावर चढवली, आणि त्यांनी मला पुढच्या धड्यातला प्रोग्रॅम शिकवला.

आई पुढच्या रविवारी संध्याकाळच्या बसने परत आली, कांद्याची पिशवी आणि आजीने दिलेल्या पापड्या घेऊन. थकलेली होती. मी तिला सांगायला हवं होतं. सोमवार गेला, मी तोंड उघडलं नाही. नाना सांगतील असं मी स्वतःला बजावत होते, आणि नानांच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मंगळवारी चार वाजता बायका आल्या. सहा-सात जणी होत्या. बोरसे काकूंना एका कादंबरीचा दुसरा भाग हवा होता. दहा दिवस त्या त्यासाठी खोळंबल्या होत्या. आई स्वयंपाकघरात गेली, स्टुलावर चढली आणि माळ्याचं दार उघडलं. मी दारात उभी होते. तिने समोरचं खोकं ओढलं, वरचं झाकण उघडलं, आत हात घातला. थर्माकोल. दुसरं ओढलं. त्यातही थर्माकोल. थर्माकोलचा तो करकर आवाज मला आजही सहन होत नाही. तिसऱ्या खोक्याला तिने हात लावला नाही. ती उतरली, स्टूल जागेवर ठेवलं.

"नीलू, पुस्तकं कुठे आहेत?"

"नानांनी दिली."

"कुणाला?"

"रद्दीवाल्याला."

बाहेर बायकांचं बोलणं थांबलं होतं.  आई बाहेर जाऊन म्हणाली, "बोरसे ताई, दुसरा भाग नाही मिळायचा आता. सगळ्या जणी बसा, चहा घेऊन जा." आणि तिने त्या सगळ्यांसाठी आलं ठेचून चहा केला, बशा पुसून दिल्या, कुणाला साखर कमी लागते ते लक्षात ठेवून दिला.  एकीने बशी ठेवताना आईच्या मनगटावर नुसता हात ठेवला. मला त्या क्षणी आईचाच राग आला. ओरड ना, मी मनात म्हणत होते, काहीतरी फोड, निदान माझ्या एक थोबाडीत दे. तिने कपबशा विसळल्या.

दुसऱ्या दिवशी ती देवाणघेवाणीची वही घेऊन बाहेर पडली. कुणी काय नेलंय ते वहीत होतं. ती कॉलनीतल्या बिल्डिंगी फिरली, दारं वाजवली. जी पुस्तकं बाहेर गेली होती तेवढीच बचावली होती, त्रेचाळीस निघाली. दुपारी तिने ती दोन पिशव्यांतून वर आणली आणि चपला न काढता कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. निळं कव्हर काढून खाली टाकलं. कीबोर्डवर, मॉनिटरवर, प्रिंटरवर, जिथे सपाट जागा दिसली तिथे तिने पुस्तकं रचली. मग खुर्चीत बसली. मी कॉलेजातून आले तेव्हा ती तशीच बसली होती, आणि माझ्या पाठोपाठ नाना आले.

"हे काय?" ते दारातच थांबले. "अगं, धूळ आहे त्यांच्यावर! उचल आधी."

"नाही उचलणार."

"वेडी झालीस का? बिघडला तर?" ते पुढे झाले आणि मॉनिटरवरच्या गठ्ठ्याला त्यांनी हात घातला.

आईने त्या गठ्ठ्यावर पंजा दाबून धरला. "हात नका लावू. ते मनं शे."

आई माहेरची अहिराणी आमच्या घरात कधीच बोलायची नाही. नानांना ती गावंढळ वाटायची. ते माझं आहे, एवढंच ती म्हणाली होती. पण नानांनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

"मला का नाही विचारलं?" आई म्हणाली.

"पुन्हा घेऊ. रविवारी शालिमारला जाऊ, तुला पाहिजे तेवढी घे."

"मी ते नाही विचारलं. मला का नाही विचारलं?"

  मला वाटतं, त्या प्रश्नाची नानांना ओळखच नव्हती. मग त्यांनी ते केलं जे मी त्यांना माफ करू शकलेले नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माझ्या एकट्याच्या नावाने काय बोलतेस? हिनेच खोकी खाली नेली. विचार तिला."

आईने माझ्याकडे बघितलं. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आज दारोदार फिरताना कळलं, जिन्यात एक-दोघींनी पाहिलं होतं. तिच्याशी मी नंतर बोलेन. आधी तुम्ही सांगा."

तेव्हा मी ओरडले. नानांवर आवाज चढवण्याची माझी ती पहिली वेळ. "सांगा ना तिला! रिकाम्या खोक्यांसाठी दिली म्हणून सांगा! थर्माकोल ठेवायला दिली!" मी आणखीही बरंच बोलले, त्यातलं निम्मं मला आठवत नाही.  नानांनी वाकून टेबलामागची वायर भिंतीतून उपटली. "बंद," ते म्हणाले. "उद्यापासून हा बंद. तुम्हा दोघींची लायकी नाही." आणि चपला घालून बाहेर निघून गेले. पुढचा महिनाभर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही, आणि माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. पाठ माझ्याकडे. "तू घाबरली होतीस," तिने विचारलं, "की तुलाही ते हवं होतं?"

 मी म्हणाले, "मला खोली हवी होती."

"बरं," ती म्हणाली. "खरं बोललीस." तव्यावरची भाकरी तिने निखाऱ्यावर टाकावी तशी ज्योतीवर टाकली, फुगल्यावर माझ्या ताटात वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. या विषयावर ती माझ्याशी एवढंच बोलली, त्या दिवशी आणि आजपर्यंत. ती आता माझ्याकडेच असते, भिंग घेऊन वाचते. मी कधी विषय काढला तर म्हणते, "सोड गं, गेले ते आता." नाना गेल्याला बरीच वर्षं झाली हे मला माहीत आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात. मग कुणावर रागवायचं? मुलीला शिकवणारा, मुलीला पुढे ढकलणारा बाप म्हणून लोक त्यांचं नाव घेतात, आणि ते तसे होतेच. मुलीसाठी त्यांनी जग उघडलं. पण ते उघडायला त्यांनी माझ्या आईची गॅलरी बंद केली. बायको हे एक माणूस आहे आणि तिला काही हवं असू शकतं, ही गोष्ट त्यांच्या मॅन्युअलमध्ये नव्हती. दोन्ही नाना एकच होते. एकाचे आभार मानून दुसऱ्याला सोडून द्यायचं कसं, ते मला जमत नाही.

ती त्रेचाळीस पुस्तकं आईने त्याच आठवड्यात बोरसे काकूंच्या बाहेरच्या खोलीत नेली. काकूंचे यजमान बदलीमुळे भुसावळला होते, त्यामुळे खोलीवर हक्क सांगणारं कुणी नव्हतं. बायकांनी आपापल्या घरातून एखाद-दुसरं पुस्तक आणून ठेवलं. मंगळवार-शुक्रवारचा नियमही गेला. आई रोज साडेतीनला खाली जायला लागली. नानांचा चहा करून झाकून ठेवायची. गार चहा नानांना चालायचा नाही, पण ते तसाच पिऊन टाकायचे. मग एके दिवशी तिने झाकूनही ठेवला नाही.

त्या दिवशी नाना पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले, टेबलाशी बसले. ओट्यावर काही नव्हतं. दहा मिनिटं त्यांनी पेपर वाचला. आमचं बोलणं तेव्हा नुकतंच तुटक तुटक सुरू झालं होतं. "आईला बोलाव," ते म्हणाले.

मी खाली गेले. बोरसे काकूंचं जाळीचं दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी मोठ्याने वाचत होतं. पुस्तकं थोडी आणि वाचणाऱ्या जास्त, म्हणून त्यांनी बहुतेक एकीने वाचायचं असं ठरवलं असावं. वाचणारी एका खाष्ट सासूचा आवाज काढत होती, मग लगेच तिच्या भित्र्या मुलाचा, आणि बायका हसून लोळत होत्या. मग वाचणारीच हसायला लागली, वाचता येईना इतकी, पुस्तक तोंडावर धरून. मी जाळीला डोळे लावले. खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली ती माझी आई होती. मी तिचा आवाज ओळखला नव्हता.

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मला राग आला होता. आधी तिचाच, की हे हसू हिने आमच्यापासून का लपवलं. मग हळूहळू कळत गेलं की तिने लपवलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा ते आमच्या गॅलरीत असायचं, शेंगदाण्यांच्या टरफलांत, आणि आम्ही काचा लावून ती जागा बंद केली होती. मी हाक मारली नाही. आल्या पावली वर आले.

"ती येणार नाही," मी नानांना सांगितलं. "चहा तुमचा तुम्ही करून घ्या."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पातेलं सापडलं, पाणी ठेवलं, गॅस पेटवला. मग फळ्यांवरचे डबे उघडायला लागले. त्या भिंतीवरच्या सगळ्या फळ्या त्यांनीच ठोकल्या होत्या, पातळी बघून, एक सूतही इकडे-तिकडे नाही. पहिल्या डब्यात तांदूळ निघाले, दुसऱ्यात तूरडाळ. तिसऱ्यात रवा होता; त्यांनी तो बोटाने चाखून बघितला.

"नीलू," त्यांनी आतून विचारलं, "साखर कुठे असते?"

मी टेबलाशी बसले होते, समोर अभ्यासाचं पुस्तक उघडून. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.